मंडळासंगे नाटकाला

आपल्या गावांत मंडळं पुष्कळ असतात. भजनी मंडळ असते. गणेश मंडळ असते. बायांचा बचत गट असतो. कुठे दूध संस्था असते. महिन्याला बैठक भरते. हप्ता जमा होतो, सही होते, कुणाला कर्ज दिलं जातं. काम उरकलं, की जो तो उठून घरी जातो. घरी गुरं वाट पाहत असतात, चूल वाट पाहत असते.

हे सगळं ठीकच आहे. पण माणसं फक्त कामापुरती भेटली, तर ती एकमेकांचे हप्ते ओळखतात, एकमेकांना ओळखत नाहीत. म्हणून आम्ही म्हणतो, की सालातून एकदा-दोनदा मंडळानं कामाशिवाय एकत्र यावं. एकत्र जेवावं, बोलावं, हसावं. आणि जमलं तर सगळ्यांनी मिळून एक नाटक बघून यावं. ते कसं जमवायचं, हे या धड्यात पाहू.

उदाहरणाला आपण धावडा गाव घेऊ. धावडा जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात आहे. मिरची, मका, कापूस पिकवणारा हा मुलूख. इथून बुलढाणा जिल्ह्याची शीव जवळ, पण नाट्यगृह लांब. समजा, या गावच्या एका मंडळानं ठरवलं, की यंदा नाटकाला जायचं. तर काय काय करावं लागेल?

१. नाटक आपल्याला नवं नाही

कुणी म्हणेल, "नाटक हे शहरातल्या लोकांचं. आपल्याला त्यातलं काय कळतंय?"

असं म्हणू नये. संत एकनाथ आपल्याच मराठवाड्यातल्या पैठणचे. त्यांनी साडेचारशे वर्षांपूर्वी भारुडं रचली. भारुडात एक जण सोंग घेतो, बोलतो, गातो, लोकांना हसवतो आणि हसवता हसवता शहाणपण सांगतो. ते नाटकच की! जत्रेतला तमाशा, वाघ्या-मुरळीचं जागरण, गोंधळ, बाबासाहेबांचे विचार गावोगाव पोचवणारा जलसा, यांतही सोंग आहे, गाणं आहे, सवाल-जवाब आहेत. ज्यानं रात्रभर बसून हे पाहिलं, त्याला नाटक कळणार नाही, असं कसं होईल?

आज आपण ज्याला मराठी नाटक म्हणतो, त्याची सुरुवात सांगलीला झाली. कर्नाटकातली एक खेळ करणारी मंडळी सांगलीला आली होती. तो खेळ पाहून तिथले राजे चिंतामणराव पटवर्धन यांना वाटलं, की असा खेळ मराठीत का असू नये? त्यांनी विष्णुदास भावे यांना ते काम सांगितलं. भाव्यांनी 1843 साली 'सीता स्वयंवर' हे नाटक केलं. म्हणून दर साली 5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन पाळतात.

पण आपल्या दृष्टीनं आणखी एक नाटक फार मोलाचं आहे. ते जोतीराव फुले यांनी 1855 साली लिहिलं. त्याचं नाव 'तृतीय रत्न'. त्यात एक शेतकरी आहे आणि त्याची गरोदर बायको आहे. दोघंही अडाणी. एक जोशी त्यांना ग्रहांची भीती घालतो आणि त्यांना लुबाडतो. शेवटी नवरा-बायकोचे डोळे उघडतात. मग ती दोघं काय करतात? ती रात्रीच्या शाळेत शिकायला जातात. जोतीरावांनी स्वतः 1855 सालीच कामकरी माणसांसाठी रात्रीची शाळा काढली होती.

हे नाटक जोतीरावांनी पुण्याच्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. कमिटीनं ते नाकारलं. पण आज ते छापलेलं आहे, आणि लिहायला-वाचायला शिकलेला कोणीही ते वाचू शकतो. आपल्यासारख्या, मोठेपणी पाटी हाती धरलेल्या माणसांवर लिहिलेलं हे नाटक आहे, हे आपण विसरू नये.

२. आपल्या जिल्ह्यातले नाटकवाले

जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यात जांबसमर्थ नावाचं गाव आहे. समर्थ रामदासांचा जन्म या गावचा. याच गावचे राजकुमार तांगडे. ते शेतकरी घरातले. त्यांनी आपल्या भागातल्या माणसांना घेऊन नाटकं केली.

2012 साली त्यांनी लिहिलेलं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक रंगभूमीवर आलं. त्याची कल्पना आणि गाणी शाहीर संभाजी भगत यांची, आणि दिग्दर्शन नंदू माधव यांचं. शिवरायांचा खरा विचार काय होता, आणि आज तो कुणाच्या डोक्यात बसतो, असा सवाल हे नाटक करतं. यातले बरेच नट जालना जिल्ह्यातले, शेती-मजुरी जाणणारे. त्यांची बोली आपलीच. त्या बोलीतलं नाटक मुंबई-पुण्याच्या मोठ्या नाट्यगृहांत लोकांनी टाळ्या वाजवून पाहिलं. त्याचे शेकडो प्रयोग झाले.

यातून एक गोष्ट कळते. नाटक बघायला शहरात जावं लागतं, पण नाटक करायला शहरातच जन्मावं लागतं असं नाही.

३. एकत्र जमणं सोपं नव्हतं

आज आपण म्हणतो, "चला, मंडळाची बैठक बोलवा." पूर्वी हे इतकं सोपं नव्हतं. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 1929 साली निजाम सरकारनं 'गश्ती निशाण 53' नावाचा हुकूम काढला. जाहीर सभा घ्यायची तर आधी परवानगी काढावी लागे. चार माणसं जमली तरी पोलिसांची नजर असे. 17 सप्टेंबर 1948 ला हे राज्य संपलं. आपल्या आज्या-पणज्यांना ते दिवस माहीत होते.

बायांवर तर दुहेरी बंधन होतं. नाटकात काम करणं दूरच, चांगल्या घरच्या बायांनी नाटक बघायलाही जाऊ नये, असं म्हणत. म्हणून बायांची कामं पुरुष करीत. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांनी शकुंतला केली, सिंधू केली. ते इतके देखणे दिसत, की बाया त्यांच्यासारखं लुगडं नेसू लागल्या, असं सांगतात. पुढे 1933 साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक यांनी बायांची कामं केली. असं करत करत वाट मोकळी झाली.

तेव्हा आज एखाद्या घरची सून मंडळाबरोबर नाटकाला निघाली आणि कुणी नाक मुरडलं, तर त्याला हा इतिहास सांगावा.

४. बेत कसा करावा

आता कामाचं बोलू. बैठकीत आधी चार गोष्टी ठरवाव्यात आणि वहीत लिहाव्यात.

पहिली गोष्ट, दिवस. मिरचीची तोडणी जोरात असताना, कापूस वेचायचा असताना कुणाला सवड नसते. लग्नाची दाट तीथ असली तरी निम्मी माणसं येणार नाहीत. सगळ्यांना विचारून दिवस धरावा. रविवारचा दुपारचा प्रयोग बरा. साडेचारला सुरू झालेलं नाटक साडेसात-आठपर्यंत संपतं. रात्री फार उशीर न होता घरी येता येतं.

दुसरी गोष्ट, नाटक कुठं आणि कोणतं. जालना शहरात फुलंब्रीकर नाट्यगृह आहे. छत्रपती संभाजीनगरात संत एकनाथ रंगमंदिर आहे. नाट्यगृह कधी दुरुस्तीसाठी बंद असतं, कधी प्रयोग ऐन वेळी रद्द होतो. म्हणून आधी फोन करून पक्कं करावं. नाटक कोणतं आहे, तेही विचारावं. नुसतं हसवणारं आहे, का काही सांगणारंही आहे? लहान मुलांनी बघावं असं आहे का? गडकऱ्यांचं 'एकच प्याला' हे नाटक 1919 सालचं आहे. दारूनं घर कसं धुळीला मिळतं, ते त्यात दाखवलं आहे. देवलांचं 'शारदा' 1899 सालचं. म्हाताऱ्याच्या गळ्यात लहान पोरीला बांधण्याचा बेत त्यात आहे. शंभर वर्षांवरची ही नाटकं, पण दारू आणि पोरींची कोवळ्या वयातली लग्नं हे विषय अजून संपले नाहीत. असं नाटक कुठं लागलं असेल, तर ते जरूर बघावं.

तिसरी गोष्ट, गाडी. एस.टी.च्या नेहमीच्या गाडीत 75 वर्षांपुढच्या माणसांना 2022 सालापासून फुकट आणि बायांना 2023 सालापासून अर्ध्या तिकिटात जाता येतं. पण नाटक सुटल्यावर गावाकडे गाडी मिळेलच असं नाही. म्हणून सगळ्यांसाठी एकच गाडी ठरवावी. एस.टी.ची पूर्ण गाडी भाड्यानं मिळते. त्याला 'प्रासंगिक करार' म्हणतात. भाडं किती, अनामत किती, सवलत लागू होते का, हे आगारात विचारावं आणि पावती घ्यावी. खाजगी गाडी केली तरी भाडं कागदावर लिहून घ्यावं.

चौथी गोष्ट, पैसा. याचा हिशेब आपण नीट करू.

५. हिशेब

समजा, 40 माणसं जाणार आहेत. आकडे समजुतीसाठी धरले आहेत. खरे आकडे आपण आपले विचारून घालावेत.

गाडीभाडं : 14,000 रुपये
तिकिटं, दर माणशी 200 : 8,000 रुपये
चहा-फराळ, दर माणशी 50 : 2,000 रुपये
एकूण : 24,000 रुपये

24,000 ला 40 नं भागलं. दर माणशी 600 रुपये आले.

एकदम 600 रुपये काढणं मजुरी करणाऱ्याला जड जातं. पण महिन्याला 50 रुपये बाजूला टाकले, तर बारा महिन्यांत 600 होतात. म्हणून हा बेत एक वर्ष आधी करावा. बचतीच्या वहीत नाटकासाठी वेगळं पान ठेवावं. कर्जाचा पैसा आणि नाटकाचा पैसा एकत्र करू नये.

आता समजा, ऐन वेळी चार माणसं आली नाहीत. मग काय होईल? तिकिटं 36 घेतली, तर 7,200 रुपये. फराळाचे 1,800 रुपये. पण गाडीभाडं काही कमी होत नाही. ते 14,000 च राहतं. एकूण 23,000 झाले. 36 नं भागले, तर दर माणशी जवळजवळ 639 रुपये. म्हणजे चौघं मागे राहिले, त्याचे 39 रुपये प्रत्येकाला जास्त पडले. म्हणून आधीच ठरवावं, की नाव दिल्यावर कुणाला जमलं नाही, तर त्यानं आपल्या जागी दुसरा माणूस द्यावा.

६. मागे कोण राहतं?

हिशेब झाला. आता सगळ्यांत महत्त्वाचं बोलू. यादी तयार झाली, की ती एकदा मोठ्यानं वाचावी. जी नावं आहेत ती वाचावीतच. पण जी नावं नाहीत, त्यांचाही विचार करावा.

यादीत सासवा आहेत आणि सुना नाहीत, असं झालंय का? मग घरी कोण थांबणार, गुरांचं पाणी कोण करणार, हा प्रश्न आहे. तो सुनेनं एकटीनं सोडवायचा नाही, सगळ्या घरानं सोडवायचा. एका दिवसापुरती पुरुषानं धार काढली, भाकरी थापली, तर काही बिघडत नाही.

यादीत विधवा बाई आहे का? पुष्कळदा तिला कुणी "नको" म्हणत नाही, पण "चल" असंही म्हणत नाही. ती समजायचं ते समजते आणि गप्प बसते. तिच्या दारी जाऊन, तिचं नाव घेऊन बोलावलं पाहिजे.

यादीत सगळ्या वस्त्यांतली माणसं आहेत का? आपली राज्यघटना 26 जानेवारी 1950 ला लागू झाली. दुकान, हॉटेल, करमणुकीची जागा, यांत जातीवरून कुणाला अडवता येणार नाही, असं घटनेच्या 15 व्या कलमात लिहिलं आहे. 17 व्या कलमानं अस्पृश्यता बंद केली. कायदा दारातून आत जाऊ देतो. पण आपल्या गाडीत शेजारी बसवून घेणं आणि आपल्या डब्यातली भाजी वाढणं, हे काम आपलं आहे.

आणि ज्याला 600 रुपये खरंच झेपत नाहीत, त्याचं काय? त्याचं नाव बैठकीत घेऊन दया दाखवू नये. कुणी 700 देतो, कुणी 650 देतो. वरचा पैसा मंडळाच्या पेटीत पडतो, आणि त्यातून दोघा-तिघांचं तिकीट निघतं. कुणाचं निघालं, हे फक्त हिशेब ठेवणाऱ्याला माहीत असावं. माणूस पैशावाचून मागे राहिला तर त्याला एक दुःख होतं. उपकारानं नेला तर दुसरं दुःख होतं. दोन्ही टाळता येतात.

७. नाट्यगृहात

तिकीट हातात आलं, की स्वतः वाचावं. दुसऱ्याला वाचायला देऊ नये. त्यावर असं काही छापलेलं असतं :

रविवार, दुपारी 4.30
रांग : सी
खुर्ची क्रमांक : 14
दर : रु. 200

रांग म्हणजे खुर्च्यांची ओळ. 'ए' ही पडद्याजवळची ओळ, मग 'बी', मग 'सी'. इंग्रजी अक्षरं येत नसली, तर बोटं मोजावीत. तिसरी ओळ ती 'सी'. मग खुर्चीच्या पाठीवरचा 14 आकडा शोधावा. तीच आपली जागा.

गावात बसण्याच्या जागा ठरलेल्या असतात. पाटील कुठं बसणार, सरपंच कुठं बसणार, कुणी कडेला उभं राहणार. नाट्यगृहात तसं नाही. खुर्चीला जात नसते, नंबर असतो. तुमचा नंबर ती तुमची खुर्ची. तिथून कुणी उठवू शकत नाही. जो आकडे वाचतो, त्याला आपली जागा कुणाला विचारावी लागत नाही.

नाटक सुरू होण्याआधी तीन वेळा घंटा होते. तिसरी घंटा झाली, की दिवे मालवतात आणि पडदा उघडतो. त्याआधी जागेवर बसावं. मोबाइल बंद करावा. नट समोर जिवंत उभा असतो. त्याला तुमचं बोलणं ऐकू येतं, तुमचं हसूही ऐकू येतं. पोर रडू लागलं, तर त्याला घेऊन बाहेर यावं. हे काम दर वेळी आईनंच करावं असं नाही. बापानंही उठावं. नाटकाचे भाग असतात, त्यांना अंक म्हणतात. मध्ये सुट्टी होते, ते मध्यंतर. तेव्हा पाणी प्यावं, पाय मोकळे करावेत.

निघताना गाडीत माणसं मोजावीत. जाताना 40, तर येतानाही 40.

८. परत आल्यावर

घरी आलो म्हणजे बेत संपला, असं नाही. आठ दिवसांनी मंडळ बसवावं. आधी हिशेब वाचावा. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. पावत्या सगळ्यांना बघू द्याव्यात. ज्याला वाचता येतं, त्यानं त्या खरंच वाचाव्यात.

मग नाटकावर बोलावं. तीन सवाल पुरतात. कोणाचं वागणं पटलं? कोणाचं नाही पटलं? आपण त्याच्या जागी असतो, तर काय केलं असतं? आधी गप्प बसणाऱ्यांना बोलू द्यावं. नाटकातल्या माणसाबद्दल बोलणं सोपं असतं. नवऱ्याच्या दारूबद्दल बाई चारचौघांत बोलत नाही, पण 'एकच प्याला' मधल्या सुधाकराबद्दल बोलते. ऐकणाऱ्याला कळतं. कधी कधी मंडळाला जे वर्षभर कळत नाही, ते अशा एका बैठकीत कळतं.

९. शेजारच्या मंडळांशी ओळख

सालातून एकदा शेजारच्या गावांच्या मंडळांनाही बोलवावं. पिंपळगाव रेणुकाई, वालसावंगी, पारध ही आपल्या तालुक्यातलीच गावं. कोजागिरीला दूध आटवावं, नाहीतर संक्रांतीला तिळगूळ करावा. हळदीकुंकू ठेवलं, तर एकही बाई दारातून परत जाणार नाही, असं ठेवावं. कुंकू न लावणाऱ्या बाईला फूल द्यावं, वाण द्यावं, पण बोलवावंच.

अशा भेटीत प्रत्येकानं तीन गोष्टी सांगाव्यात. माझं नाव काय, मला काय येतं, आणि मला कशाची गरज आहे. कुणी म्हणेल, मला शिवणकाम येतं. कुणी म्हणेल, मला ठिबकची दुरुस्ती येते. कुणी म्हणेल, माझ्या मिरचीला चांगला व्यापारी पाहिजे. एक जण हे वहीत लिहून घेतो. ही वही मंडळाची ठेवच. अडीनडीला कोणाच्या दारी जायचं, ते तिच्यात सापडतं.

आणि नाट्यगृह फारच लांब वाटलं, तर नाटकच गावात आणता येतं. विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर नाटकं होतात. त्याला झाडीपट्टी रंगभूमी म्हणतात. तिथे शेतकरी मंडप घालतात, तिकीट काढून बसतात, पाहुण्यांना नाटकासाठी आवतण धाडतात. तिथे नाट्यगृह नाही म्हणून नाटक अडत नाही. आपलंही अडायचं कारण नाही.

प्रश्न

१. 'तृतीय रत्न' नाटकाच्या शेवटी शेतकरी आणि त्याची बायको कुठं जातात?
२. माणसं कमी झाली, तर दर माणशी खर्च का वाढतो?
३. ज्याला पैसे झेपत नाहीत, त्याला मंडळानं कसं न्यावं? तुम्हाला आणखी कोणता मार्ग सुचतो?
४. तुमच्या मंडळाच्या मागच्या कार्यक्रमाला कोण आलं नव्हतं? का आलं नव्हतं?

करून पहा

तुमच्या मंडळात 30 माणसं आहेत. गाडीभाडं 12,000 रुपये. तिकीट 150 रुपये. फराळ 50 रुपये. दर माणशी किती खर्च येईल? तो एका वर्षात जमवायचा, तर दर महिन्याला किती टाकावे लागतील? वहीत मांडा.

शब्दांचे अर्थ

शीव : गावाची किंवा जिल्ह्याची हद्द
प्रयोग : नाटक एकदा लोकांपुढे करणं
अनामत : आधी ठेवायची रक्कम
आगार : एस.टी. गाड्यांचं ठाणं
आवतण : जेवणाचं किंवा कार्याचं बोलावणं